काल्पनिक खनिजे

काल्पनिक खनिजे : ज्यांचे नाव, गुणधर्म व उपयोग साहित्यात, दंतकथेत किंवा लोकसमजुतीत सांगितलेले असतात, परंतु ज्यांचा नमुना निसर्गात मिळालेला नसतो असे पदार्थ. पुराणकथांतील चिंतामणी व परीस, ग्रीक वाङ्‌मयातील ऑरिकॅल्कम आणि आधुनिक विज्ञानकथांतील कॅव्होराइट, क्रिप्टोनाइट वा व्हायब्रेनियम ही त्यांची उदाहरणे होत. विज्ञानकथेत नवे जग उभारताना लेखकाला त्या जगाची जमीन, हवा, जीव व समाजव्यवस्था यांबरोबर तेथील खनिजसंपत्तीही कल्पावी लागते. कारण प्रवास, युद्ध, व्यापार आणि सत्ता या सर्वांना कोणता तरी दुर्मिळ पदार्थ आधार म्हणून लागतो.

शास्त्रीय व्याख्येनुसार खनिज हे नैसर्गिक रीत्या तयार झालेले, सामान्यतः घन, निश्चित रासायनिक संघटन आणि अणूंची नियमित मांडणी असलेले द्रव्य होय. अशी सुमारे ६,००० खनिजे आज मान्यता पावलेली आहेत. नव्या खनिजाला मान्यता देण्याचे काम आंतरराष्ट्रीय खनिजविज्ञान संघटनेचा आयोग १९५९ पासून करीत आहे. नव्या खनिजाच्या शोधकाला त्याचे रासायनिक विश्लेषण, स्फटिकरचना, प्रकाशीय गुणधर्म आणि सापडल्याचे ठिकाण यांची माहिती द्यावी लागते, तसेच मूळ नमुना संग्रहालयात ठेवावा लागतो. काल्पनिक खनिजाला यांपैकी कशाचीच गरज नसते. त्याला एक नाव आणि एक विलक्षण गुण पुरेसा होतो. या दोहोंमधील सीमा मात्र इतिहासात नेहमीच स्पष्ट होती असे नाही. काही कल्पित पदार्थ खरे ठरले, तर शास्त्रीय ग्रंथांत रीतसर नोंदलेले काही पदार्थ मुळात अस्तित्वातच नव्हते असे निष्पन्न झाले. पुणे, नागपूर आणि जुन्नर तालुक्यातील राजुरी-बोरी परिसर येथील खनिजांच्या इतिहासातून ही गोष्ट चांगल्या प्रकारे समजते.

प्राचीन कल्पना : प्लेटोने (इ. स. पू. सु. ४२८–३४८) आपल्या क्रिटिअस  या संवादात अटलांटिस या बेटाचे वर्णन करताना तेथे ऑरिकॅल्कम नावाचा धातू खणून काढीत असत, असे म्हटले आहे. सोन्याच्या खालोखाल तो मौल्यवान मानला जाई. मात्र प्लेटोच्या काळी त्याचे केवळ नावच उरले होते. कल्पित राज्याचे वैभव पटविण्यासाठी त्याला कल्पित खनिजाची जोड देण्याची रीत किती जुनी आहे, हे यावरून दिसते.

भारतीय परंपरेत स्यमंतक, कौस्तुभ व चिंतामणी ही रत्ने प्रसिद्ध आहेत. पुणे जिल्ह्यातील थेऊर येथील गणपतीचे चिंतामणी हे नाव अशाच एका कथेवरून आले आहे. कपिल मुनींजवळील इच्छित वस्तू देणारे रत्न एका राजपुत्राने बळकावले, गणेशाने ते परत मिळविले आणि मुनींनी ते त्याच्याच गळ्यात घातले, अशी ही कथा आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत  (सहावे शतक) रत्नपरीक्षेचे विवेचन असून मोती शिंपल्याप्रमाणेच हत्ती, साप, मेघ व बांबू यांपासूनही निर्माण होतात, असे सांगितले आहे. रत्नांचे रंग, आकार व दोष यांचे नेमके निरीक्षण आणि नागाच्या मोत्यासारखी निव्वळ कल्पना या दोन्ही गोष्टी एकाच ग्रंथात शेजारी नांदताना आढळतात. लोकसमजुतीतील नागमणी हा याच परंपरेतील होय.

खऱ्या दगडांच्या व्यापारातूनही कल्पनांना खतपाणी मिळाले. इ. स. पहिल्या शतकातील पेरिप्लस  या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून मोठ्या प्रमाणावर गोमेदासारखे पट्टेदार दगड भडोच बंदराकडे जात असल्याचा उल्लेख आहे. अकीक व कॅल्सेडोनी यांच्या प्रकारांत मोडणारे हे दगड दख्खनच्या बेसाल्ट खडकांतील पोकळ्यांत सापडतात. नाणेघाटाच्या मार्गाने कोकणातील बंदरांशी जोडलेले जुन्नर हेही त्या काळातील व्यापारी केंद्र होते. रोमन लेखक थोरला प्लिनी (सु. २३–७९) याने अशा दगडांची माहिती देताना मांत्रिकांनी त्यांना चिकटविलेल्या अद्‌भुत गुणांची टर उडविली आहे. अर्थात दगड खरा असला, तरी त्याच्यासोबत दूर देशी गेलेली गुणांची यादी पुष्कळदा काल्पनिक असे.

रसशास्त्रातील खनिजे : तेराव्या शतकाच्या सुमारास रचला गेलेला रसरत्नसमुच्चय  हा रसशास्त्रावरील महत्त्वाचा ग्रंथ होय. त्यात अभ्रक, वैक्रांत, माक्षिक, विमल, शिलाजतू, सस्यक, चपल व रसक या आठ द्रव्यांना महारस म्हटले आहे. यांपैकी अभ्रक सर्वपरिचित आहे, सस्यक म्हणजे मोरचूद आणि रसक म्हणजे जस्ताचे धातुक होय. रसकापासून जस्त मिळविण्याची ऊर्ध्वपातनाची कृती या ग्रंथात दिलेली असून ती व्यवहार्य आहे. राजस्थानातील झावर येथे सापडलेल्या जुन्या भट्ट्यांवरून तशा प्रकारे जस्त काढले जात असल्याचे सिद्ध झाले आहे. याउलट वैक्रांत व चपल म्हणजे नेमकी कोणती खनिजे, याबाबत अभ्यासकांत एकमत नाही. वर्णन उपलब्ध आहे, उपयोग सांगितलेले आहेत, परंतु नमुना व ठिकाण यांच्याशी असलेला धागा तुटला आहे. अशी द्रव्ये खरी असूनही वाचकाच्या दृष्टीने काल्पनिक द्रव्यांच्या शेजारी जाऊन बसतात.

परीस आणि मराठी परंपरा : लोखंडाचे सोने करणारा परीस हे मराठी भाषेतील सर्वांत परिचित काल्पनिक खनिज होय. संतवाङ्‌मयात सद्‌गुरू व सत्संग यांचा महिमा सांगण्यासाठी परिसाचा दृष्टांत वारंवार येतो. महिपतीच्या (१७१५–९०) भक्तविजय  (१७६२) या ग्रंथातील परिसा भागवताची कथा त्या दृष्टीने लक्षणीय आहे. परिसा भागवताला रुक्मिणीच्या कृपेने परीस मिळाला होता. त्याच्या पत्नीने तो मैत्रीपोटी नामदेवांच्या (१२७०–१३५०) पत्नीला दिला. ही गोष्ट कळताच नामदेवांनी तो चंद्रभागेत टाकून दिला. परिसा भागवत तो परत मागू लागला, तेव्हा नामदेवांनी नदीतून ओंजळभर खडे काढून त्याच्यापुढे धरले आणि ते सर्वच परीस असल्याचे आढळले. त्यामुळे परिसा भागवताचा अभिमान गळाला व तो नामदेवांना शरण गेला.

एखाद्या वस्तूचे मूल्य तिच्या दुर्मिळतेवर अवलंबून असते, हे तत्त्व या कथेत गृहीत धरलेले आहे. नदीतील प्रत्येक खडा परीस ठरताच परिसाला किंमत राहत नाही आणि लोभालाही जागा उरत नाही. पुढील काळातील विज्ञानकथांनी दुर्मिळ खनिजाभोवती युद्धे व साम्राज्ये रचली. मराठी संतकथेने त्याच कल्पनेचा उपयोग नेमका उलट हेतूने, म्हणजे संपत्तीची व्यर्थता दाखविण्यासाठी केला. ही कथा सांगणाऱ्यांचा वा ऐकणाऱ्यांचा हेतू परीस शोधण्याचा नव्हता, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे.

ग्रंथांतून रद्द झालेली खनिजे : अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत रासायनिक विश्लेषणाची प्रगती झाल्यावर नवनवी खनिजे नोंदविण्याची जणू स्पर्धाच सुरू झाली. १७५६ मध्ये आक्सेल क्रूनस्टेट या स्वीडिश खनिजवैज्ञानिकाने, तापविले असता फेसाळणाऱ्या एका खनिजाला ‘उकळणारा दगड’ या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून झिओलाइट हे नाव दिले. झिओलाइट गटातील खनिजे दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्टी खडकांत विपुल असल्याने पश्चिम भारतातील नमुने यूरोपात पोहोचू लागले. १८३१ मध्ये ब्रूक या इंग्रज खनिजवैज्ञानिकाने पुण्याहून आलेल्या सुईसारख्या स्फटिकांना स्वतंत्र खनिज मानून त्यांना पुण्यावरून ‘पूनालाइट’ असे नाव दिले. पुढील परीक्षणात ते निराळे खनिज नसून मेसोलाइट हे झिओलाइट गटातील आधीच माहीत असलेले खनिजच असल्याचे ठरले आणि पूनालाइट हे नाव केवळ समानार्थी शब्दांच्या यादीत उरले.

नागपूर परिसरातील दोन नावांचीही हीच गत झाली. स्टीव्हन हिस्लॉप व रॉबर्ट हंटर या धर्मोपदेशकांनी नागपूरच्या आसपासचे खडक व जीवाश्म यांचा अभ्यास केला होता. त्यांच्या सन्मानार्थ हॉटन या आयरिश वैज्ञानिकाने १८५९ मध्ये दोन पदार्थांना हिस्लोपाइट व हंटराइट ही नावे दिली. हिस्लोपाइट हे हिरव्या द्रव्याच्या मिश्रणामुळे रंगलेले कॅल्साइट निघाले, तर हंटराइट ही अशुद्ध मृत्तिका असल्याचे ठरले. ज्या काळी ही नावे ग्रंथांत होती, त्या काळी ती वाचणाऱ्याला ती खरीच वाटणे स्वाभाविक होते. त्यांना कथेतील खनिजांपासून वेगळे करणारी गोष्ट एकच होती : त्यांचे नमुने जपून ठेवलेले होते. त्यामुळे त्यांची पुन्हा परीक्षा करता आली आणि चूक सुधारता आली.

याच्या उलट दिशेचे उदाहरण कॅव्हन्साइट या निळ्या खनिजाचे होय. ते प्रथम १९६७ मध्ये अमेरिकेतील ऑरेगन राज्यात सापडले. कॅल्शियम, व्हॅनेडियम व सिलिकेट यांच्या नावांतील अक्षरे घेऊन त्याचे नाव बनविण्यात आले. पुढे पुण्याजवळील वाघोलीच्या दगडखाणींत त्याचे इतके सुंदर स्फटिकपुंज मिळाले की, जगभरच्या संग्रहालयांत या खनिजाचे नाव वाघोलीशी जोडले गेले. पुण्याच्या नावाचे खनिज खोटे ठरले आणि परदेशात नाव मिळालेल्या खनिजाची खरी ओळख मात्र पुण्याच्या परिसराने करून दिली.

मूलद्रव्यांचा शोध आणि विज्ञानकथा : १८ ऑगस्ट १८६८ रोजी भारतातून दिसलेल्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी झांसेन या फ्रेंच ज्योतिर्विदाने गुंटूर येथून सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट पाहिला. त्याच वर्षी नॉर्मन लॉक्यर याने इंग्लंडमधून केलेल्या निरीक्षणात त्यातील पिवळ्या रेषेकडे लक्ष वेधले. ही रेषा पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळत नव्हती. तिच्यावरून कल्पिलेल्या मूलद्रव्याला सूर्यवाचक ग्रीक शब्दावरून हीलियम हे नाव मिळाले. त्यानंतर सत्तावीस वर्षे हीलियमचा पृथ्वीवर मागमूस नव्हता. १८९५ मध्ये विल्यम रॅम्झी यांनी क्लेव्हाइट या युरेनियमयुक्त खनिजातून ते वेगळे केले आणि कल्पित मूलद्रव्य खरे ठरले. परंतु अशाच पद्धतीने सुचविलेली दोन मूलद्रव्ये खोटी ठरली. सूर्याच्या प्रभामंडलातील ‘कोरोनियम’ हे प्रत्यक्षात अनेक इलेक्ट्रॉन गमावलेले लोह निघाले, तर तेजोमेघांतील ‘नेब्युलियम’ म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन होय, असे बोएन यांनी १९२७ मध्ये दाखविले.

या घडामोडींची छाया तत्कालीन विज्ञानकथेवर पडली. एच्. जी. वेल्स (१८६६–१९४६) यांच्या चंद्रप्रवासावरील कादंबरीत (१९०१) गुरुत्वाकर्षण अडविणारा कॅव्होराइट हा पदार्थ आहे. तो तयार करण्यासाठी धातूंबरोबर हीलियम वापरल्याचे त्यातील निवेदक सांगतो. हीलियम मिळून त्या वेळी जेमतेम सहा वर्षे झाली होती. त्याचे सर्व गुणधर्म माहीत झालेले नव्हते. त्या अज्ञानाच्या फटीत वेल्स यांनी आपले द्रव्य बसविले. झ्यूल व्हेर्न (१८२८–१९०५) यांनी मात्र याला हरकत घेतली. आपण पदार्थविज्ञानाचा उपयोग करतो, वेल्स नवी द्रव्ये शोधून काढतात, तो धातू आपणास दाखवावा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पृथ्वीच्या अंतर्भागातील प्रवासावरील व्हेर्न यांच्या कादंबरीचा (१८६४) नायक हाम्बुर्ग येथील खनिजविज्ञानाचा प्राध्यापक असून त्यात येणारे खडक व खनिजे बहुतांशी खरीच आहेत. अद्‌भुत कथेसाठी खरे द्रव्य वापरावे की कल्पित, हा विज्ञानकथेतील जुना वाद या दोन लेखकांपासून स्पष्टपणे सुरू होतो.

मोझलीनंतरचा काळ : १९१३ मध्ये हेन्‍री मोझली (१८८७–१९१५) यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने मूलद्रव्यांचे अणुक्रमांक ठरविले. त्यामुळे आवर्त सारणीत नेमक्या किती जागा रिकाम्या आहेत, हे कळले. आता तिच्यात ११८ मूलद्रव्ये असून हलक्या मूलद्रव्यांच्या ओळींत नव्याला जागाच शिल्लक नाही. सारणीच्या टोकाची कृत्रिम मूलद्रव्ये बहुधा अत्यल्प काळ टिकतात. परिणामी दूरच्या ग्रहावर सर्वस्वी अज्ञात व स्थिर धातू सापडला, असे लिहिणे जाणत्या लेखकाला अवघड झाले. कथेतील द्रव्याला दोनच वाटा उरल्या : एक म्हणजे ज्ञात मूलद्रव्यांचे अनोखे स्फटिक वा संयुगे आणि दुसरी म्हणजे शास्त्रीय स्पष्टीकरण टाळणारी सरळ सांकेतिकता.

सुपरमॅनला दुबळा करणारे क्रिप्टोनाइट १९४३ मध्ये नभोवाणी मालिकेतून आणि १९४९ मध्ये चित्रकथेतून आले. ‘अनऑब्टेनियम’ म्हणजे न मिळणारे द्रव्य. हा मुळात अमेरिकी विमान अभियंत्यांचा १९५० नंतरच्या दशकातील थट्टेचा शब्द होता. आपल्या आराखड्याला लागणारे सर्व गुण असलेले, पण अस्तित्वात नसलेले द्रव्य असा त्याचा अर्थ होता. २००९ मधील अवतार  या चित्रपटात तो एका ग्रहोपग्रहावरील मूल्यवान खनिजाचे नाव म्हणून वापरण्यात आला आणि त्यासाठी तेथील मूळ रहिवाशांना हुसकून लावण्याचा प्रयत्न हा कथेचा गाभा झाला. १९६६ पासूनच्या चित्रकथांतील व्हायब्रेनियम हे द्रव्य अशनीबरोबर पडले असून वाकांडा या कल्पित आफ्रिकी राज्याची सर्व समृद्धी व गुप्तता त्यावर अवलंबून आहे. या उदाहरणांत खनिजाच्या रसायनापेक्षा ‘ते कोणाच्या जमिनीखाली आहे’ या प्रश्नाला महत्त्व आले आहे. वसाहतींच्या इतिहासातील सोने, हिरे व तांबे यांच्या खाणींचा अनुभव त्यामागे आहे, हे उघड आहे.

जेडेराइट : कल्पना आणि वास्तव यांची एक योगायोगाची गाठ उल्लेखनीय आहे. २००६ मधील सुपरमॅन रिटर्न्स  या चित्रपटात क्रिप्टोनाइटच्या पेटीवर सोडियम, लिथियम व बोरॉन यांच्या फ्ल्युओरीनयुक्त सजल सिलिकेटाचे संघटन लिहिलेले दाखविले होते. सर्बियातील जाडर खोऱ्यात २००४ मध्ये मिळालेल्या एका खनिजाचे संघटन तपासले असता ते या वर्णनाशी बहुतांशी जुळले. फक्त त्यात फ्ल्युओरीन नव्हते. २००७ मध्ये प्रसिद्धीस आलेल्या या खनिजाला खोऱ्यावरून जेडेराइट हे नाव मिळाले. ते हिरवे नसून पांढरे आहे आणि त्याच्या अंगी कोणताही अद्‌भुत गुण नाही. मात्र त्यातील लिथियम विद्युत् घटमालांसाठी मोलाचे आहे. प्रस्तावित खाणीमुळे शेती व पाणी यांची हानी होईल, या भीतीने सर्बियात मोठी आंदोलने झाली. २०२२ मध्ये तेथील शासनाने परवाने रद्द केले. २०२४ मध्ये तो निर्णय मागे घेण्यात आला. कथेतील खनिज नायकाला दुर्बल करते, तर प्रत्यक्षातील खनिजावरून शेतकरी, उद्योग व शासन यांच्यात झगडा निर्माण होतो.

मराठी विज्ञानकथा : मराठी वाचकाला या प्रकारच्या साहित्याचा परिचय व्हेर्न यांच्या अनुवादांतून झाला. कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या केरळ-कोकिळ  मासिकात १९०० च्या सुमारास व्हेर्न यांच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचे मराठी रूप प्रसिद्ध होऊ लागले. पुढे भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांनी त्यांच्या अनेक कादंबऱ्या मुलांसाठी मराठीत आणल्या. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा घेतल्या. तीत १९७४ मध्ये जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांची ‘कृष्णविवर’ ही कथा पुरस्कारप्राप्त ठरली. ती त्यांनी टोपणनावाने पाठविली होती. नारळीकर यांच्यासारखे खगोलवैज्ञानिक, बाळ फोंडके यांच्यासारखे जीववैज्ञानिक आणि निरंजन घाटे यांच्यासारखे भूविज्ञानाचे शिक्षण घेतलेले लेखक या साहित्यप्रकाराकडे वळल्यामुळे कथेतील विज्ञान ज्ञात नियमांशी सुसंगत असावे, ही अपेक्षा मराठीत रुजली. हा दृष्टिकोण वेल्स यांच्यापेक्षा व्हेर्न यांच्या आग्रहाला जवळचा आहे.

राजुरी-बोरी परिसर : खऱ्या खनिजांची अद्‌भुतता पाहण्यासाठी परग्रहावर जावे लागत नाही. जुन्नर तालुक्यातील आळेफाटा ते बेल्हे या मार्गावरील राजुरी हे गाव दक्षिण ट्रॅपच्या प्रदेशात वसलेले आहे. सुमारे ६·६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून येथील काळा खडक तयार झाला. लाव्ह्यातील वायू निघून गेल्यावर राहिलेल्या पोकळ्यांत पुढे खनिजयुक्त पाणी झिरपून गारा, अकीक, कॅल्साइट व झिओलाइटे यांचे स्फटिक वाढले. अशा खडकात विहीर वा खाण खणताना निघणाऱ्या चमकदार दगडांना लोक सरसकट गारगोट्या म्हणतात. सिन्नर येथील खनिज संग्रहालयालाही ‘गारगोटी’ हेच नाव आहे. झिओलाइटांच्या रचनेत सूक्ष्म पोकळ वाहिन्या असून त्यांतून काही रेणू आत शिरू शकतात व काही शकत नाहीत. पाणी मृदू करणे, वायू वेगळे करणे व खनिज तेलाचे शुद्धीकरण यांसाठी या गुणाचा उपयोग होतो. ‘रेणू गाळणारा दगड’ असे वर्णन कथेत आले असते, तर ते अतिशयोक्त वाटले असते.

याच भागात कुकडी नदीच्या काठी बोरी बुद्रुक येथे नदीच्या गाळात ज्वालामुखी राखेचा थर आढळतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील पुरातत्त्वज्ञांनी १९८० नंतरच्या दशकात त्याच्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. तेथील गाळात अश्यूलियन परंपरेची दगडी हत्यारेही मिळाली. ही राख दक्षिण ट्रॅपच्या लाव्ह्यातील नव्हे. तिच्यातील काचकणांच्या रासायनिक संघटनावरून ती ३,००० किमी. हून अधिक दूर असलेल्या सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीतून आली असावी, असे मानले जाते. मात्र टोबाचे एकाहून अधिक प्रचंड उद्रेक झाले आहेत. त्यांपैकी शेवटचा सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीचा आहे. वेगवेगळ्या पद्धतींनी बोरीच्या राखेचे वय सुमारे ७५,००० वर्षांपासून १४ लाख वर्षांपर्यंत काढण्यात आले. हत्यारे करणारा मानव महाराष्ट्रात केव्हा वावरत होता, या प्रश्नाचे उत्तर या राखेच्या वयाशी निगडित असल्याने हा वाद महत्त्वाचा ठरला. काच स्फटिकमय नसल्याने या राखेचे कण काटेकोर अर्थाने खनिज नव्हेत. तरीही मुठीत मावणाऱ्या धुळीवर मानवी इतिहासाची लक्षावधी वर्षे इकडची तिकडे होऊ शकतात, हे त्यांनी दाखवून दिले. पूनालाइटप्रमाणे येथेही मतभेद मिटविण्याचा मार्ग एकच आहे : त्याच जागी जाऊन तोच थर पुन्हा तपासणे.

राजुरीपासून फार दूर नसलेल्या खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दूरदर्शकाच्या, प्रत्येकी ४५ मी. व्यासाच्या ३० तबकड्या दूरच्या दीर्घिकांतील हायड्रोजनापासून येणाऱ्या तरंगांचेही ग्रहण करतात. तो हायड्रोजन पृथ्वीवरील हायड्रोजनापेक्षा निराळा नसतो. सर्व विश्वात मूलद्रव्ये तीच आहेत, ही गोष्ट विज्ञानकथेच्या लेखकावर बंधन घालते. पण त्याला एक सोयही उपलब्ध करून देते. मूलद्रव्ये तीच असली, तरी तापमान, दाब, पाणी व काळ बदलला की, निराळी खनिजे जन्मास येतात. म्हणून कल्पित ग्रहावरील खनिज विश्वसनीय करण्यासाठी नव्या नावापेक्षा ते कोणत्या खडकात, कोणत्या परिस्थितीत व कशाच्या सोबत तयार झाले, हे सांगणे अधिक उपयुक्त ठरते. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सु. १·८ किमी. व्यासाचे आघात विवर बेसाल्ट खडकात असल्याने चंद्र व मंगळ यांवरील विवरांच्या अभ्यासासाठी नमुना म्हणून वापरले जाते, ते याच तत्त्वावर.

लोकसमज आणि फसवणूक : काल्पनिक खनिजाची कथा म्हणून असलेली निरुपद्रवी भूमिका व्यवहारात आणली की धोकादायक होते. नागमणी वा परीस मिळवून देण्याच्या आमिषाने फसविण्याचे प्रकार जुने आहेत. अलीकडच्या काळात ‘राइस पुलर’ या नावाने नवा परीस पुढे आला आहे. वीज पडलेल्या जुन्या तांब्याच्या भांड्यात इरिडियम असते, ते तांदळाचे दाणे ओढून घेते आणि अवकाश संशोधन संस्था त्यासाठी कोट्यवधी रुपये देतात, असे सांगून परीक्षणाच्या खर्चापोटी पैसे उकळले जातात. इरिडियम हे खरे मूलद्रव्य आहे आणि अवकाश संशोधन संस्थाही खऱ्या आहेत. दोन खऱ्या गोष्टींच्या मध्ये एक खोटा गुण बसविण्याची ही युक्ती वेल्स यांच्या कॅव्होराइटचीच आहे. फरक इतकाच की, वेल्स यांचा वाचक आपण कथा वाचतो आहोत हे जाणून असतो. गुप्तधन व मौल्यवान वस्तू शोधण्यासाठी केल्या जाणाऱ्या अघोरी कृत्यांनाही महाराष्ट्रात जीव गमवावे लागले आहेत. जादूटोणा व अमानुष प्रथांविरुद्धच्या २०१३ च्या राज्य अधिनियमाच्या अनुसूचीत अशा कृत्यांचा समावेश आहे.

यावरून काल्पनिक खनिजांच्या इतिहासाचे मर्म स्पष्ट होते. कल्पना आणि विज्ञान यांच्यात वैर नाही. हीलियम हे काही काळ कल्पनाच होते आणि पूनालाइट हे काही काळ विज्ञान. त्यांचा निवाडा झाला तो नमुना, त्याचे ठिकाण आणि कोणालाही पुन्हा करता येईल अशी परीक्षा या तीन गोष्टींच्या आधारे. नामदेवांनी चंद्रभागेतून काढलेले खडे तपासून पाहण्याची गरज नाही, कारण त्या कथेचा दावा खनिजाविषयी नाही. परंतु जो पदार्थ पैशाच्या मोबदल्यात देऊ केला जातो, त्याच्याबाबत तो कोठे मिळाला, कोणी तपासला आणि पुन्हा तपासता येईल काय, हे प्रश्न विचारणे इष्ट असते. बोरीच्या राखेबाबत हेच प्रश्न अभ्यासक आजही विचारीत आहेत.